काच पुसायची नाही

थांबा, हसू नका, आधी पूर्ण ऐका. त्यानं काचेवरून बोट फिरवलं आणि चाटलं. हो, चाटलं! आमच्या दुकानातल्या स्कॅनरची काच, जिच्यावर बावीस दिवस अख्ख्या गल्लीनं हात, कोपर, शिंका, खोकला सगळं ठेवलं होतं, तिच्यावरून एक बोट फिरलं आणि सरळ जिभेवर गेलं. ‘खारट आहे,’ म्हणाला. ‘पण मागून काहीतरी गोडसर लागतंय.’ आणि मी, जी तुमच्या बाटलीतलं पाणीसुद्धा तोंड लावून पीत नाही, ती मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, ‘वा, सर!’

शी. आठवलं तरी अंगावर काटा येतो.

नीट पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही मधेमधे विचारत बसाल. डिझाइनचा कोर्स संपून मला दीड वर्ष झालं आणि नोकरी नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. म्हणून आत्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसत होते. दुकानात दोन मशीन. मोठं, धडाधड प्रती काढणारं, ते आत्याचं, त्याला ती कुणाला हात लावू देत नाही. आणि खिडकीपाशी एक सपाट स्कॅनर, कॉम्प्युटरला जोडलेला, तो माझा. जुने, नाजूक, रंगीत, फाटायला आलेले कागद माझ्याकडे यायचे. मधल्या वेळात मी काय करायचे, तर ती साइट बघायचे, जिथं जगभरातली नवीन नवीन कामं रोज टाकतात. एकानं बुरशीपासून खुर्ची उगवली होती. उगवली, बनवली नाही! एकीनं असा कोट केला होता की आपण श्वास सोडला की त्याचा रंग बदलतो. एकानं रस्त्यातल्या खड्ड्यांवर सेन्सर लावून गाडी गेली की सूर निघेल असं केलं होतं. मी अशी तोंडाचा आ करून बघत बसायचे. आत्या म्हणायची, ‘मिटव ते तोंड, गिऱ्हाईक घाबरतंय.’

आणि एक दिवस तिथं मला ग्रह दिसले. काळ्या अवकाशात बारा ग्रह, खडबडीत, सोनेरी, एकाला तर चक्क कडी होती. इतके सुंदर की मी दोनदा बघितले, तीनदा बघितले, आणि मग खाली वाचलं, तर ते ग्रह नव्हतेच. कीबोर्डच्या बटणांखाली साचलेला चुरा! बिस्किटाचे कण, कोंडा, नखांचे तुकडे. त्यातली ती कडी म्हणजे एक पापणीचा केस. मला किळस आली आणि तरी नजर हलेना. तुम्हाला असं कधी झालंय? पोटात ढवळतंय आणि बघावंसंही वाटतंय?

आता गंमत बघा. तो कलाकार आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो! आणि महिन्यातून दोनदा आमच्याच दुकानात येतो! एका पायात पिवळा बूट, एका पायात निळा. आत्यानं त्याचं नाव ‘दोनबूट’ ठेवलं होतं. मला आधी कळलंच नव्हतं की हाच तो. कळलं त्या दिवशी मी त्याला इतकं बोलले, इतकं बोलले की त्याचा चहा गार झाला. बुरशीची खुर्ची, श्वासाचा कोट, सगळं. त्यानं ऐकून घेतलं, माझ्या स्कॅनरचं झाकण वर केलं, खाली वाकून काच तिरकी बघितली आणि म्हणाला, ‘ही कोण पुसतं?’

‘मीच. दर दहा कागदांनी.’

‘नको पुसूस.’

आता आमच्या आत्याची काच म्हणजे काय, ते सांगते. पांढरं सुती फडकं, त्यावर स्पिरिटचे दोन थेंब, आणि उभं पुसायचं. गोल नाही. गोल पुसलं की मळ कडेला जाऊन बसतो आणि तिथून आपल्याला हसतो, असं ती म्हणते. मला पहिले पंधरा दिवस तिनं फक्त काच पुसायला लावली होती. प्रत काढली की उजेडाकडे धरायची, मूळ कागदाशी ताडायची, मगच गिऱ्हाइकाच्या हातात. ‘झेरॉक्स म्हणजे साक्षीदार,’ असं तिचं ठरलेलं वाक्य. ‘साक्षीदारानं स्वतःच्या पदरचं काही घालायचं नाही.’

आणि दोनबूट मला सांगत होता, चाळीस दिवस काच पुसायची नाही. माणसं येतील, कागद ठेवतील, हात टेकतील. रोज दुकान बंद करायच्या आधी झाकण उघडं ठेवून रिकाम्या काचेचा एक स्कॅन काढायचा, मोठ्यात मोठा, आणि त्याला पाठवायचा. तो चाळीसही थर एकावर एक चढवणार होता. भिंतभर पडदा, समोरून आपण चालत गेलो की तो मळ आपल्याबरोबर सरकणार, श्वास घेणार. ‘एका गल्लीचा चेहरा,’ म्हणाला. आणि चाळीस दिवस पूर्ण झाले की मला त्याच्या स्टुडिओत मदतनीस म्हणून घेणार. पगारी! खरा स्टुडिओ, खरं काम, आणि या दुकानातून सुटका.

मी विचार केला का? नाही केला. हो म्हटलं. तुम्हीही म्हटलं असतं, आता तोंडं वाकडी करू नका.

रोज आत्या विचारायची, ‘काच पुसलीस का गं?’ मी म्हणायचे, ‘पुसली.’

पहिले चार दिवस काही विशेष नाही. नुसते बोटांचे ठसे. पाचव्या दिवशी मी तो स्कॅन स्क्रीनवर मोठा केला आणि ई! एक गृहस्थ आहेत, थुंकी लावून पानं उलटतात. त्यांची थुंकी वाळली की कडेला पिवळसर गोल राहतो, मध्ये बुडबुडे. शिंक कशी दिसते माहितीये? चांदण्यांसारखी. खरंच! मोठ्या ठिपक्याभोवती लहान ठिपके, आणि एका बाजूला शेपूट, म्हणजे डोकं त्या बाजूला वळवलं होतं. बाराव्या दिवशी मुंगीचा एक पाय सापडला. नुसता पाय, मुंगी नाही. एका कोपऱ्यात जखमेवरच्या पट्टीचा चिकट तुकडा, त्यावर काहीतरी तपकिरी. कुणाच्या तरी नाकाचं तेल, कारण एक आजोबा कागद सरळ ठेवलाय का ते बघायला इतके वाकतात की नाक टेकतं. आणि या सगळ्यावर मी रोज लोकांचे कागद पालथे घालत होते. दाखले, पत्रं, लग्नाचे फोटो. पालथे घालायचे, त्या नाकावर, त्या थुंकीवर. घरी गेले की कोपरापर्यंत हात धुवायचे, आणि मग तोच स्कॅन उघडून बघत बसायचे. किती सुंदर, किती सुंदर, असं स्वतःलाच सांगत. तुम्हाला म्हणून सांगते, अर्ध्या वेळी मला ते सुंदर वाटत नव्हतं. मला स्टुडिओ हवा होता.

पण एक अडचण होती. काच घाण म्हटल्यावर प्रतींवर डाग येणार, आणि आत्याच्या नजरेतून डाग सुटतोय होय? मग मी अक्कल चालवली. माझे कागद आधी कॉम्प्युटरमध्ये येतात, मग छापतात. मधल्या मधे मी एक सोय लावून दिली. ठराविक आकारापेक्षा लहान जो काही काळा ठिपका असेल, तो आपोआप पुसला जाणार. कागद घाणीत ठेवा, प्रत निघणार दुधासारखी! आत्यानं एक प्रत उजेडाकडे धरली आणि म्हणाली, ‘हात बसला हो तुझा.’ मला इतका आनंद झाला. आणि त्या दिवसापासून तिनं माझ्या प्रती ताडणं बंद केलं.

पुढे मळ वाढला, ठिपके मोठे झाले. मग मी तो आकार थोडा वाढवला. आणखी मोठे झाले, आणखी वाढवला. सतराव्या दिवसानंतर मी स्वतःही प्रती बघणं सोडून दिलं. कशाला बघायचं? स्वच्छच तर येत होत्या.

कळलं का तुम्हाला? नाही ना? मलाही नाही कळलं.

एकतिसावा दिवस. दुपारचे साडेतीन. दोनबूट त्या दिवशी कॅमेरा घेऊन आला होता, काचेचं चित्रीकरण करायला. आत्याला मी सांगितलं होतं की तो माझ्या कामाचं चित्रीकरण करतोय. तेवढ्यात पाळणाघरवाल्या मावशी आत आल्या. पुढच्या वळणावर त्यांचं पाळणाघर आहे, सगळ्या गल्लीची पोरं त्यांच्याकडे. नेहमी हसत येतात. त्या दिवशी अंगात एप्रन तसाच, त्यावर छातीपासून खालपर्यंत ओकारी वाळत आलेली, गुलाबी गुलाबी, आणि हातात एक कागद.

‘ताई, हे बघा तुमच्या दुकानानं काय दिलंय!’ त्या आत्याला म्हणाल्या. ‘हे वाचा. किती लिहिलंय?’

आत्यानं चष्मा लावला. ‘पंचवीस मिली.’

‘पंचवीस! दहा महिन्यांच्या पोराला! मलाही वाटलं, एवढं कसं? पण डॉक्टरच्या कागदावर आहे, आपण कोण दीडशहाण्या? दोन चमचे पाजले, तिसरा तोंडाशी नेला आणि पोरानं सगळं माझ्या अंगावर काढलं. बरं झालं काढलं! बापाला बोलावलं, तो मूळ कागद घेऊन आला, त्यावर अडीच आहे. अडीच! दोन, मध्ये ठिपका, मग पाच. हा त्यानं परवाच तुमच्याकडून काढून मला दिलेला कागद. यावरचा ठिपका कुठं गेला?’

‘पोर कसं आहे?’ आत्यानं आधी हे विचारलं.

‘डॉक्टरकडे नेऊन आणलं. घाबरायचं नाही म्हणाले. आता खेळतंय. पण माझे हात बघा.’

आत्यानं कागद घेतला, उजेडाकडे धरला. मी खिडकीपाशी उभी. दोन आणि पाचच्या मधे एक रिकामी जागा होती, अगदी बारीक, आणि ती मला तिथूनही दिसत होती.

‘कागद आमचाच,’ आत्या म्हणाली. मग हळू आवाजात, ‘सव्वीस वर्षं मशीन चालवतेय मी. काच घाण असली की ठिपका वाढतो. कमी होत नाही. मशीन ठिपका खात नाही. माणूस खातो.’

ती उठली, माझ्या स्कॅनरपाशी आली आणि झाकण उघडलं.

‘ई गं बाई!’ हे मावशी म्हणाल्या. ज्यांच्या अंगावर लेकराची ओकारी वाळत होती, त्या माझी काच बघून ई म्हणाल्या.

‘किती दिवस?’ आत्यानं विचारलं.

‘एकतीस.’

‘आणि मला रोज काय सांगत होतीस?’

मी काही बोलायच्या आत दोनबूट पुढं झाला. मला वाटलं माझी बाजू घेईल, सांगेल की मीच हिला सांगितलं होतं. त्याचे डोळे नुसते चमकत होते. ‘अहो, पण हे विलक्षण आहे!’ म्हणाला. मला म्हणाला, ‘तू ठिपके पुसायची सोय लावलीस? मला सांगितलं का नाहीस? अगं, हेच तर काम आहे! मळ नाही, हे! यंत्राला स्वच्छतेची हौस, आणि त्या हौसेत ते बाळाचं औषध दहापट करतं! तुझ्याकडे मूळ स्कॅन आहेत? डागांसकट?’

‘आहेत. आपोआप साठतात.’

‘सगळे दे मला. आपण जोडीजोडीनं लावू. एक घाणेरडा, एक स्वच्छ, घाणेरड्यावर खरं, स्वच्छावर खोटं. आणि मधोमध हा कागद, दहा फुटी. मदतनीस वगैरे विसर. भिंतीवर दोन नावं, तुझं आणि माझं, एकाच आकारात.’

आता जे सांगणार आहे ना, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, आत्यालाही नाही. मला कल्पना आवडली. खरंच आवडली. मला ती भिंत दिसली. कागदांच्या जोड्या कशा लावायच्या, मध्ये किती जागा सोडायची, नावं कुठल्या अक्षरात. मी अक्षर निवडत होते! समोर एक बाई थरथरत उभी आहे आणि मी मनात अक्षराची जाडी ठरवतेय! पाच सेकंद असतील, दहा असतील. त्या काचेवर जे काही होतं ना, थुंकी, नाक, मुंगीचा पाय, त्या सगळ्यापेक्षा त्या दहा सेकंदांची मला जास्त शिसारी येते.

तेवढ्यात त्यानं मावशींना विचारलं, ‘हा एप्रन द्याल का?’

मावशी म्हणाल्या, ‘धुऊन देऊ का तसाच?’ त्या कुत्सितपणे म्हणाल्या होत्या, पण त्याला कुठलं कळतंय.

‘तसाच!’ म्हणाला. ‘वाळू द्या फक्त.’

‘अरे मेल्या,’ मावशी म्हणाल्या, ‘माझं पोर असतं ना, तर तुला तो एप्रन खायला घातला असता.’

तो हसला. त्याला वाटलं, छान बोलतात या. आणि त्यानं फोन काढून त्या कागदाचा फोटो घ्यायला सुरुवात केली, बाळाचं नाव, घरचा पत्ता, सगळं दिसत असताना. मावशींना म्हणतो, ‘जरा वर धरता? हात कापतोय तो तसाच कापू द्या, छान दिसतंय.’

तेव्हा मला तो वास आला. इतका वेळ नव्हता आला. आंबूस दुधाचा, त्यात औषधाचा गोड गोड. आणि मला त्याचं ते ‘मागून काहीतरी गोडसर लागतंय’ आठवलं आणि पोटातून एकदम वर आलं. मी तोंडावर हात दाबला, ड्रॉवरमधलं फडकं ओढलं, त्यावर स्पिरिट ओतलं, दोन थेंब कसले, अर्धी बाटली, आणि काच पुसायला लागले.

‘ए! ए! नऊ दिवस राहिलेत!’ तो ओरडला. त्यानं माझं मनगट धरलं. ‘वेडी आहेस का? काय करतेयस कळतंय का तुला?’

‘सोडा हात.’

‘तुझं नाव असणार होतं त्यावर!’

‘सोडा म्हटलं ना!’

फडकं आधी पिवळं झालं, मग तपकिरी, मग काळं. ती पट्टी निघेना, ती मी नखानं खरवडली, तर माझ्या नखात कुणाचं तरी नख अडकलं. बारीक, चंद्रकोरीसारखं. मी कचऱ्याच्या डब्यावर वाकले आणि ओकले. ठीक आहे? ओकले, सगळ्यांसमोर. मावशींनी माझी पाठ चोळली. त्यांनी! आणि दोनबूट दारात उभा राहून म्हणाला, ‘तू कलाकार नाहीस. तुला फक्त सफाई जमते.’

आत्या म्हणाली, ‘अहो दोनबूट, तो फोटो फोनमधून काढून टाका, मला दाखवा आणि मग जा. आणि जाताना पाय पुसा. बाहेरचा रस्ता स्वच्छ आहे.’

त्यानं फोटो काढून टाकला. आत्यापुढे कोणाचं काही चालत नाही.

मला वाटलं, आता ती मला फाडून खाणार. तिनं मावशींना खुर्ची दिली, पाणी दिलं, त्यांच्यासमोर खरी प्रत काढली, स्वतःच्या मशीनवर, आणि तीनदा ताडून त्यांच्या हातात दिली. त्या गेल्यावर दारावर ‘बंद’ची पाटी लावली. दुपारी चार वाजता! मग मला म्हणाली, ‘किती पानं?’

‘सतराव्या दिवसापासून... चारशे बारा.’

‘मूळ आहेत ना तुझ्याकडे? बस. एकेक काढ. मी वाचते, तू बघ.’

मला वाटलं होतं, ठिपका म्हणजे काय, असून असून किती असतील कागदावर? अरे, सगळं जग ठिपक्यांवर उभं आहे! तापमानात ठिपका. ईमेलमध्ये ठिपका. विणकामाच्या नमुन्यात कुठं टाका गाळायचा तो ठिपका. आम्ही दोघी चार दिवस बसलो. बहात्तर पानांवर कामाचे ठिपके गेले होते. कुणी मूळ कागद काचेवर विसरलं तर कळवायला म्हणून आत्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा फोन नंबर लिहून ठेवते, त्यामुळे नंबर होते. आणि फोन मी करायचे. आत्या शेजारी बसणार, पण बोलायचं मी.

‘नमस्कार, झेरॉक्सच्या दुकानातून बोलतेय. तुम्ही तेवीस तारखेला जी प्रत नेली, त्यात चूक आहे.’

‘कसली चूक?’

‘ठिपके गेलेत.’

‘काय गेलेत?’

दहातले आठ जण हसायचे. एक म्हणाले, ‘माझ्या डोक्यावरचे केस गेलेत, ते सापडले तर सांगा.’ एक गाणं शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांच्या स्वरांवरचे ठिपके गेले होते, कुठला सूर वर, कुठला खाली, काही कळायला मार्ग नाही. त्यांनी त्या प्रती शिष्यांना वाटल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘आणि मी एका मुलीला रडेपर्यंत बोलले गं, की तुला घरी काही वाचायचं असतं की नाही.’ मी सॉरी म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘मला काय सॉरी म्हणतेस?’ आणि फोन ठेवला.

मधे त्याचं प्रदर्शन उघडलं. हो, उघडलं ना! तीस थर होते त्याच्याकडे, त्याला पुरले. खोटं का बोलू, मी गेले होते. मागच्या बाजूनं, कुणाला न सांगता. ती भिंत खरंच हलते, श्वास घेते. आणि मला प्रत्येक डाग ओळखू येत होता. ही आजोबांच्या नाकाची जागा. ही अकराव्या दिवसाची शिंक. माझ्या शेजारी एक बाई डोळे पुसत म्हणाली, ‘किती जवळचं वाटतं ना, किती माणसाचं.’ मला तिला सांगावंसं वाटलं, बाई, ती थुंकी आहे. आणखी एक सांगते, मला तरीही ते आवडलं. आवडलं आणि मळमळलं. बाहेर येऊन मी वाइप्सचं अख्खं पाकीट संपवलं, आणि कशाला हात लावला होता, तर कशालाच नाही.

पण तुम्ही मघापासून विचारताय ना, की तोंड का असं पडलंय. ते त्यासाठी नाही. काल मी एकोणसत्तरावा फोन केला. एक माणूस आहे, बत्तीस-तेहतीसचा असेल. त्यानं नोकरीच्या अर्जाची प्रत काढून एका ऑफिसात दिली होती. त्याच्या ईमेलमध्ये नाव आणि आडनावाच्या मधे ठिपका आहे. होता. मी सगळं सांगितलं, तर तो हसला नाही.

‘म्हणजे त्यांनी मुलाखतीला बोलावलं असेल?’

‘माहीत नाही. असेल.’

‘मी रोज बघतोय. सकाळ-संध्याकाळ बघतोय. त्यांनी सांगितलं होतं, घेतलं तर कळवू. मला वाटलं, नाही घेतलं.’ मग म्हणाला, ‘मी घरी तसं सांगूनपण टाकलं.’

दीड वर्ष मीही तेच करतेय ना, सकाळ-संध्याकाळ मेल उघडून बघणं! आत्यानं माझ्या हातून फोन घेतला आणि म्हणाली, ‘तुम्ही उद्या दुकानात या. आम्ही त्या ऑफिसला पत्र देतो, दुकानाच्या शिक्क्यासकट.’ आणि फोन ठेवून मला म्हणाली, ‘लिही.’

मी लिहिलं. ‘आमच्याकडून अनवधानाने झालेल्या चुकीमुळे...’ आत्यानं वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

‘अनवधानानं? महिनाभर तर त्या काचेवर ध्यान लावून बसली होतीस.’

मी ते काढलं.

‘आणि आमच्याकडून म्हणजे? मी होते का त्यात?’

मी परत लिहिलं. मी काच मुद्दाम पुसली नाही, डाग लपवायला कागदावरचे ठिपके पुसायची सोय मी लावली, आणि छापलेली प्रत मी ताडली नाही. या उमेदवाराचा यात काही दोष नाही. खाली माझं नाव. पहिल्यांदा कुठंतरी माझं नाव छापलं गेलं ते असं.

आज सकाळी तो माणूस आला. पत्र उभ्या उभ्या वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि आत्याला म्हणाला, ‘पत्रानं नाही होणार. तिथं बसलेल्या बाईला वाटेल, मीच लिहून आणलं. हिनं यायला पाहिजे माझ्याबरोबर.’

आत्या आपल्या मशीनची काच पुसत होती.

उद्या अकरा वाजता जायचंय. जागा भरली असेल तर? त्या बाईनं सगळ्यांसमोर विचारलं की असं का केलंस, तर काय सांगू? गल्लीचा चेहरा काढत होतो म्हणून सांगू? अरे, कुणीतरी बोला ना.